लाल पेन्सिलीतलं 'फू'

रविवार, ९ नोव्हेंबर
सकाळचे साडेदहा

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, तुझ्या अहोंचा खोकला गेला असेल. इकडे मी ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ते माझ्यावरच गेलेत, कुरकुरही करतात आणि कामही करतात.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कोण गेलं. कुणी गेलेलं नाही. फोन असताना ताईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असंही म्हणशील. अगं, फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. "कशी आहेस?" "बरी आहे. तू?" "मीही." मग हवा, मग पाणी, मग "चल, ठेवते." सत्तावीस वर्षं आपण दोघी इतक्या गोड बोलतोय की मुंग्या लागाव्यात. त्यापेक्षा लहानपणी दिवसातून तीनदा भांडायचो ते बरं होतं. तू गाल फुगवून "गट्टी फू!" म्हणायचीस, दार आपटायचीस, आणि दहा मिनिटांत "पाणी प्यायला आले" म्हणून पुन्हा माझ्याच शेजारी येऊन बसायचीस. पाणी खरं तर दुसऱ्याच खोलीत असायचं.

बातमी पहिली. महिनाअखेरीस मी निवृत्त होतेय. या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं झाली. निरोप समारंभात दोन शब्द बोला म्हणतात. मी म्हटलं, मला फक्त उंदरांशी बोलायची सवय आहे, आणि तेही उलट बोलत नाहीत म्हणून.

बातमी दुसरी, तुझी कन्या. सहा महिन्यांपूर्वी शिकाऊ म्हणून आली तेव्हा मी मुद्दाम लक्ष दिलं नाही. मावशीने पुढे पुढे केलं असं कुणी म्हणायला नको. परवा तिने काचेची नळी ज्योतीवर धरली, मऊ झाल्याबरोबर बाजूला घेऊन ओढली, आणि मी हातातलं काम सोडून बघत राहिले. केसासारखी बारीक, आणि टोक कसं सरळ! लोक वीस नळ्या मोडतात तेव्हा एक साधते, पोरीची तिसरी साधली. करंगळी अशी बाहेर काढलेली, थेट तुझ्यासारखी. रबरी नळी तोंडात धरून, इवलासा श्वास ओढून उंदराचा टिंबाएवढा एकेक गर्भ असा उचलते की त्या बापड्याला पत्ताही लागत नाही.

आणि गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "ताई, तिला सांग ती कायमची जागा घेऊ नकोस. ती माझ्यावर गेलीय. माझे डोळे फुटके, तिचेही तसेच निघतील. एक दिवस न बघता काहीतरी करून ठेवेल आणि मग जन्मभर..." मग "चल, ठेवते."

सोमवारी, सतरा तारखेला, तिला हो की नाही ते कळवायचंय. आईच्या मनाविरुद्ध नाही घेणार म्हणते. डबा खाताना आणखीही एक सांगत होती, हसून. "मावशी, आई गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव तीनदा वाचते, मग बाबांना वाचायला लावते, आणि तरी गोळी हातात धरून उभी राहते." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे तिला कुठून माहीत असणार.

तर मी काय सांगत होते? हां, कपाट.

निवृत्तीआधी कपाट रिकामं करून द्यायचं असतं. गुरुवारी तुझ्या कन्येला हाताशी घेऊन बसले. तळाला आपली वही निघाली. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपरा उंदराने खाल्लेला. (आपल्या नव्हे गं, आपले पिंजऱ्यात असायचे. हा कुणी मोकळा नातेवाईक.) पानापानावर तुझं अक्षर. "सकाळी नऊ: एकोणीस गट्टी, चार बाकी." "दुपारी एक: सगळ्या गट्टी. ताई पैज हरली." पोरगी खो खो हसायला लागली. म्हणाली, "मावशी, ही शास्त्राची वही आहे की बालवाडीची?"

तिला सांगितलं सगळं. सांगता सांगता माझ्याच डोळ्यांपुढे ती खोली उभी राहिली. दोघींनी एकाच वेळी बघता येईल असा तो दोन तोंडांचा मायक्रोस्कोप. तुझं आखूड पायाचं स्टूल, ज्याच्या पायाखाली आपण पुठ्ठ्याची घडी घालायचो आणि झाडणारी बाई रोज ती कचरा म्हणून टाकायची. खिडकीबाहेर नुसती समोरच्या इमारतीची भिंत. आणि काचेखाली, तेलाच्या थराआड, मीडियमच्या पोषक थेंबात ते उंदराचे गर्भ. आठ पेशींचे. पारदर्शक कवचात आठ गोल दाणे, सुटे सुटे, बोट ठेवून मोजता येतील असे. आपण पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो? तू डोळा लावून बसली होतीस आणि एकदम म्हणालीस, "ताई, या एकमेकींना चिकटायला लागल्यात!" मी दुसऱ्या तोंडाला डोळा लावला. गोल कडा सपाट होत होत्या. एक दुसरीवर रेलली, दुसरी तिसरीवर, आणि दोन-चार तासांत आठ मोजताच येईनात, सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला. आपल्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी मागून या चिकटण्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं. तू म्हणालीस, "एवढं कोण लिहिणार? यांची गट्टी झाली." तेव्हापासून वहीत "गट्टी."

पुढचंही तूच मला समजावलं होतंस, कारण बाईंचं व्याख्यान चालू असताना मला डुलकी लागली होती. या पेशी नुसत्या टेकत नाहीत, त्यांच्या अंगावरची प्रथिनं एकमेकींना धरतात, आणि त्या धरण्याला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम काढून घेतलं की धरलेले हात सुटतात. मग पुढे बाहेरच्या पेशी आपसात असे पक्के सांधे घालतात की मधून पाण्याचा थेंब जाऊ नये. तसे सांधे झाले तरच आत पाणी साठतं, पोकळी होते, आणि आतल्या थोड्या पेशींना सुरक्षित जागा मिळते. त्या आतल्या पेशींतूनच पुढे पिल्लू होतं. सांधा नाही तर काहीच नाही. बाईंना शोधायचं होतं ते एवढंच, की हा सांधा नेमका कितव्या तासाला पक्का होतो.

आता तुझ्या कन्येच्या पडद्यावर ते सांधे हिरव्या रेषांनी चमकताना दिसतात. सुंदर दिसतं गं. पण त्या दोन तोंडांच्या मायक्रोस्कोपवर तुझं डोकं माझ्या डोक्याला लागायचं आणि तू "सरक ना" म्हणायचीस, ते यात नाही.

कन्येने विचारलं, "आणि हे 'फू' काय?" ते ज्या पानावर आहे ते पान मी उलटणार होते, पण तिने आधीच उघडलं. ती त्या पानाकडे बघून काहीतरी बोलली. ते नंतर सांगते. आता डोळे दुखायला लागले.


बुधवार, १२ नोव्हेंबर

चिंगे, तीन दिवस हे पत्र टेबलावर पडून आहे. नमनालाच घडाभर तेल घातलं आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

काल दुपारी बाईंकडे जाऊन आले. ब्याऐंशीच्या झाल्या. चार पायांची काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात, पण नजर तशीच, खुर्चीला खिळवणारी. तुला जे लिहायचंय ते आधी त्यांना सांगून बघितलं, धीर होतो का म्हणून. आता तुला सांगते. मध्ये थांबवू नकोस. पत्रात थांबवता येत नाही, म्हणूनच पत्र.

तुला आठवत असेल, कॅल्शियम नसलेलं मीडियम आपण वेगळं ठेवायचो. पेशी सुट्या करायला पाच-दहा मिनिटं लागायचं तेवढंच. दोन्ही बाटल्या सारख्याच, आत पाण्यासारखं दिसणारं मीडियम. म्हणून बिनकॅल्शियमच्या बाटलीवर तू लाल पेन्सिलीने मोठ्ठं "फू" लिहायचीस. गट्टी मोडणारं म्हणून फू. बाईसुद्धा हसल्या होत्या, आणि तोच नियम झाला. लेबलवर मीडियमचं नाव (दोन्हींवर तेच), तारीख, खाली "तयार केलं" आणि "तपासलं" अशा दोन सह्या, आणि फू असेल तर लाल फू.

त्या आठवड्यात आपला अबोला चालू होता. कारण तू विसरली असशील, मी नाही. बाईंनी सगळ्यांसमोर तासातासाच्या मोजणीचं काम तुला दिलं आणि म्हणाल्या, "हे धाकटीने करायचं. मोठीचे हात जरा जड आहेत." चिंगे, तुला नोकरीला मी लावलं होतं. नळी कशी धरायची ते मी शिकवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंवर चिडता येत नव्हतं म्हणून तुझ्यावर चिडले. तिसऱ्या दिवशी तू बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पाणी प्यायला आले." आणि मी मान वर केली नाही.

त्याच दुपारी मी बिनकॅल्शियमचं नवं मीडियम केलं. लेबल लावलं, शाईच्या पेनाने नाव, तारीख, "तयार केलं" समोर माझी सही. लाल पेन्सिल तुझ्या खणात होती. मागायची म्हणजे बोलावं लागलं असतं. "तपासलं" समोर तुझी सही घ्यायची म्हणजेही बोलावं लागलं असतं. म्हटलं, उद्या करू. बाटली तशीच फ्रिजमध्ये ठेवली. फू न लिहिता.

आणि चार वाजता तू फ्रिज उघडलास. लाल फू नसलेली बाटली, म्हणजे साधं मीडियम. तू बघितलं होतंस चिंगे! नीट बघितलं होतंस. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. त्याचे थेंब घालून तू शहाण्णव गर्भ इन्क्युबेटरमध्ये ठेवलेस.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कुलूप मी उघडलं. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर शहाण्णवात एकही गट्टी नाही. सगळे दाणे सुटे, कवच होतं म्हणून कसेबसे एका जागी. काय झालं ते मला त्या क्षणी कळलं. मी फ्रिजकडे गेले. बाटली काढली. आता इथे मी तुला नेहमी, म्हणजे मनातल्या मनात, असं सांगत आलेय की मी गप्प राहिले. माझी चूक एवढीच की गप्प राहिले. बाईंनाही काल आधी तेवढंच सांगितलं.

पण ते खोटं आहे. मी तुझा खण उघडला, लाल पेन्सिल घेतली आणि बाटलीवर "फू" लिहिलं. दोन सेकंदांचं काम. पेन्सिल परत होती तिथे ठेवली, टोक त्याच दिशेला करून.

मग तू आलीस. डोळा लावलास आणि म्हणालीस, "ताई, एकही गट्टी नाही." अबोला त्या क्षणी विसरलीस तू. फ्रिजपाशी गेलीस, बाटली काढलीस, आणि ती हातात धरून त्या आखूड पायाच्या स्टुलावर बसलीस. "मी बघितलं नाही, ताई. मी बघितलंच नाही गं." दोनदा म्हणालीस. आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतं असं."

होतं असं! त्या दोन शब्दांनी माझी जीभ झडायला हवी होती.

तू रडत रडत सगळे गर्भ चांगल्या मीडियममध्ये हलवलेस. दुपारपर्यंत डोळा काढला नाहीस. अकरा जमले. बाकीच्यांची वेळ निघून गेली होती. तासांची मोजणी तर वायाच गेली. ज्यांच्या पोटातून ते गर्भ काढले त्या मेलेल्या उंदरिणींसाठी तू जास्त रडलीस, म्हणालीस त्यांचे जीव माझ्यापायी फुकट गेले. बाई म्हणाल्या, "लिहिलेलं वाचता येत नाही का?" तुला काढलं कुणी नाही, पण पंधरा दिवसांत तू स्वतःच राजीनामा दिलास. मी "जाऊ नकोस" म्हणाले. तेही म्हणाले मी. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं.

मला वाटलं होतं, तुझं लग्न होईल, मूल होईल, विसरशील. तू नोकरी विसरलीस गं, पण तुझे डोळे तू त्या स्टुलावरच ठेवून गेलीस. गोळीचं पाकीट दुसऱ्याकडून वाचून घेणारी माझी बहीण, जी काचेखाली पाव केसाएवढी रेघ ओळखायची! हे मी केलं. आणि आता तू तेच तुझ्या लेकीच्या कपाळी लिहायला निघालीस.

तर गुरुवारी ती काय म्हणाली ते सांगते. बाईंच्या सांगण्यावरून त्या बाटलीचं लेबल आपण वहीत चिकटवलं होतं, आणि खाली तुझ्या हातची नोंद आहे, "बाटलीवर फू स्पष्ट लिहिलेलं असताना मी पाहिलं नाही." तुझी सही. कन्येने पान खिडकीकडे धरलं, तुझ्यासारखाच एक डोळा बारीक केला आणि म्हणाली, "मावशी, हे फू नंतर लिहिलंय. बघ ना, बाटलीला पाणी सुटून शाई ओघळलीय, आणि लाल रेघ त्या ओघळाच्या वरून गेलीय. शाई वाळल्यावर लिहिलंय कुणीतरी."

सत्तावीस वर्षांत हे कुणाला दिसलं नाही. तिला अर्ध्या मिनिटात दिसलं. मी म्हटलं, "चल, बडबड पुरे, कपाट पूस."

बाईंना पेन्सिलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "लिहिलेलं वाचता येत नाही का, असं मी तिला विचारलं होतं. ते वाक्य आता मी कुठे नेऊन टाकू?" मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडून काय होणार? वहीत चूक झाली तर काय करायचं असतं?"

मी म्हटलं, "खोडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं. सही. तारीख."

"मग? इतकी वर्षं माझ्याकडे काय शिकलीस?"

तर ते पान सोबत पाठवतेय. मूळ पान, नक्कल नाही. वहीतून पान फाडणं हा गुन्हा आहे, पण आता माझी नोकरी अठराच दिवसांची राहिली, काय करायचं ते करू देत. तुझ्या नोंदीवर मी एक रेघ मारली आहे आणि शेजारी काय लिहायचं ते लिहिलं आहे. अहोंना वाचायला देऊ नकोस. उन्हात धर आणि तुझ्या डोळ्यांनी बघ, कोणती रेघ वर आहे आणि कोणती खाली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. ठेवूही नयेस.

तुझ्या कन्येला उद्या सकाळी मी सगळं सांगणार आहे, पेन्सिलीसकट. तुझी परवानगी मागत नाही. मावशी म्हणून तिच्या मनात माझी जी काही जागा आहे ती जाईल, जाऊ दे. पण सोमवारी ती हो म्हणो की नाही म्हणो, आपली आई वेंधळी होती असं समजून म्हणायला नको.

क्षमा कर असं लिहिणार होते. लिहून बघितलं, फारच स्वस्त वाटलं. तू चिड. फोन करून शिव्या घाल, इतक्या वर्षांच्या साठल्या असतील त्या सगळ्या. पुन्हा कधी बोलली नाहीस तरी मी समजेन, फक्त या वेळी फू खरं असू दे, गोड बोलण्याखाली दडपलेलं नको. मला मात्र तुझी फार आठवण येते. कालपरवाची नाही, त्या "सरक ना" म्हणणाऱ्या चिंगीची. ती खोली आता सोडायची वेळ आली तर भिंतीकडे तोंड केलेली खिडकीसुद्धा सोडवत नाही, आणि तिथे तुला मी सत्तावीस वर्षांपूर्वी एकटीला सोडून दिलं.

हे पत्र मी एकटीने केलंय. त्या दुपारी लेबलावर एक जागा मी रिकामी ठेवली होती, तुझ्याशी बोलावं लागेल म्हणून. आज पुन्हा रिकामी ठेवतेय, तू बोलावंस म्हणून.

तयार केलं: ताई, १२ नोव्हेंबर

तपासलं: